सुभद्राबाईंची निळी नळी

पाहुणा घरात आला की आधी पाणी मागतो. आमच्या राळेगावकडच्या खेड्यात येणाऱ्या सुभद्राबाई नर्स आधी लघवी मागत! घरात गरोदर बाई दिसली की संपलंच. पिशवीतून काचेची नळी निघायची, स्पिरिटचा दिवा पेटायचा, निळ्या औषधात थेंब पडायचे, आणि बाई उकिडव्या बसून अशा टक लावून बघायच्या की आम्हीही श्वास रोखून धरायचो. "रंग खोटं बोलत नाही, बाप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर त्यांचं. माझ्या सासूबाई त्यांना ओसरीच्या आत येऊ देत नसत. बाईंनाही ते कळे, पण नळी काही थांबायची नाही.

मला सातवा लागला तेव्हा ते निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल! मला गंमत वाटून मी टाळीच वाजवली. बाई कडाडल्या, "टाळ्या कायले पिटून राह्यली? साखर उतरून राह्यली तुह्या लघवीत! गूळ बंद, लाडू बंद. आन् रोज वावरापावतर पायी जाय."

दोन जिवांची सून आणि गोड बंद? सासूबाईंनी ते उडवूनच लावलं. मग बाईंनी त्यांना मोरीत माझ्या लघवीला लागलेल्या मुंग्या दाखवल्या, आणि सासूबाई अशा पालटल्या की विचारू नका. डिंकाचे लाडू, गुळाची ढेप, साखरेचा डबा, सगळं शेजारी गेलं.

एका सकाळी ओसरीलगतच्या बाळंतिणीच्या खोलीत, बाईंच्याच हातून लेक झाली. केवढी! काट्यावर दहा पौंड! अख्खी आळी बघायला लोटली. बाईंनी तेवढं कौतुक केलं नाही. "लवकर अंगावर पाज हिले," असं बजावून त्या दुसऱ्या बाळंतिणीकडे पळाल्या.

आमच्याकडे तीन दिवस आईचं दूध देत नसत, गुळाच्या पाण्याची वात चोखवत. या वेळी सासूबाईंनी तेही दिलं नाही, गोड म्हणून! दुधाचं म्हणाल तर, "तुह्या अंगात साखर, तं दुधातबी साखरच असन." मला ते पटलं. आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दुपारी बाई परतल्या तेव्हा लेक गार पडली होती, हातपाय थरथरत होते, रडायचंही त्राण नव्हतं.

"साखर आना!" बाई ओरडल्या.

"साखर?" सासूबाई थिजल्या. "तुमीच तं बंद केली!"

"आईची बंद केली, माय! पोटात होती तवा आईची जास्तीची साखर नाळेतून हिले जाये. ते जिरवायले हिच्या अंगानं मोठी भट्टी पेटवली, म्हनून तं एवढी फुगली. नाळ कापली, साखर थांबली, पन भट्टी चालूच हाय! पया!"

सासूबाई पदर सावरायचं विसरून शेजारी धावल्या. बाई थेट आमच्या चुलीपाशी जाऊन पाणी उकळायला बसल्या, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मग निवलेल्या साखरपाण्याचे थेंब लेकीच्या गालात, मागोमाग वाटीत पिळलेलं माझं पिवळं दूध. एक चमचा, दोन चमचे. देवा, तो वेळ! आणि मग लेकीनं बाईंचं बोट घट्ट धरलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारीपाजारी दारात आले. सासूबाईंनी बाईंना मिठीच मारली.

दीड महिन्यानं माझी नळी निळीच राहिली. बाई ती उन्हात धरून अंगणभर नाचल्या.

पुढे त्यांची बदली मुकुटबनला झाली. कुणाच्याही बारशाचं गोड त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. एसटीपाशी सासूबाईंनी लाडू पुढे केला, "आज तरी खा वं."

बाईंनी लाडू हातात घेतला. "माह्यी पयली पोरगीबी अशीच होती, गुबगुबीत. आमी पेढे वाटत राह्यलो, आन् ते गार पडत गेली. कोनाले समजलंच नाही." मग त्यांनी लाडवाचा तुकडा तोंडात टाकला, डोळे पुसले आणि गाडीत चढल्या.

गाडी हलली तशी खिडकीतून आवाज आला, "दरसाल लघवी तपासत जाय वं! साखर परतून येते!"

सगळी एसटी आमच्याकडे वळून बघायला लागली. मी लाजेनं मान खाली घातली. सासूबाई मात्र लेकीला उंच धरून, गाडीमागे चार पावलं धावत, तेवढ्याच जोरानं ओरडल्या, "तपासते, बाई! मी सोता बसून पायते सुनेची नळी!"