गाळातली जास्वंद

ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या मुकुंदरावांच्या घरी दोन कायदे चालत. देवघराचा कायदा त्यांच्या पत्नीचा, विमलताईंचा: गणपतीला रोज ताजी जास्वंद. प्रयोगशाळेचा कायदा मुकुंदरावांचा: आत फूल न्यायचं नाही, आणि शाल-मफलर दाराबाहेरच्या खुंटीवर.

"हजारो वर्षांपूर्वीच्या फुलांमागे हिंडता, आणि माझ्या एका फुलाला एवढे घाबरता?" विमलताई टोमणा मारायच्या. मग देवाची फुलं तोडलेल्या त्याच बोटांनी, हिवाळ्यात मुकुंदराव बाहेर निघाले की दाराशी त्यांच्या मफलरची गाठ बांधून द्यायच्या.

मुकुंदराव वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाले तरी परागकणांचा नाद सुटला नाही. तळ्याच्या गाळात परागकण हजारो वर्षं टिकतात. कवच इतकं चिवट, की तपासण्याआधी नमुना आम्लात उकळतात तेव्हा आतला गरही जातो, पण रिकामं कवच तेवढं उरतं. त्यावरून कळतं, तेव्हा काठावर जंगल होतं, गवत होतं, की माणसाने काही पेरलं होतं. मुरारपलीकडच्या एका आटलेल्या तळ्याकाठी फार पूर्वी कपाशी पिकत असणार, असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. पुरावा मात्र एका कणाचाही नव्हता.

विमलताईंना जाऊन दोन वर्षं झाली. त्याच उन्हाळ्यात कुंडीतली जास्वंद वाळली. तिला पाणी घालायचं असतं, हे नेमकं मुकुंदरावांनाच सुचलं नाही. मफलर पेटीत गेला तो गेलाच.

यंदाच्या जानेवारीत धुकं चार दिवस हटेना, तेव्हा त्यांनी पेटी उघडली. गाठ काही नीट बसली नाही. प्रयोगशाळेत गाळाचा नमुना काचेवर घेताना हात गारठले होते, आणि मफलर खुंटीवर टांगायचा राहूनच गेला.

दुपारी अवंतिका, त्यांच्याबरोबर संशोधन करणारी मुलगी, सूक्ष्मदर्शकावरून ओरडली, "सर, जल्दी या! कपाशी! काटे तर बघा!"

मुकुंदराव वाकले. गोल, मोठा, अंगभर काटे असलेला कण. कपाशीच्याच कुळातला, आणि थर साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा.

"आपल्या ग्वालियर का नाम होणार, सर!"

"जरा थांब."

आजूबाजूचे कण फिकट, पोकळ होते. हा मात्र काचेवर घातलेला रंग पिऊन गडद गुलाबी झालेला. आत गर शाबूत होता. म्हणजे हा आम्लातून गेलाच नव्हता. नंतर वरून पडला होता. कपाशीपेक्षा जरा मोठाही होता.

त्यांचा हात गळ्याकडे गेला. मफलरच्या टोकाला चिकटपट्टी दाबून त्यांनी ती भिंगाखाली धरली. तसेच कण, पाच-सहा. जास्वंद, तीही कपाशीच्याच कुळातली.

"सर, तुम्हीच मफलर घालून आत?" अवंतिकाला हसू आवरेना. "मला तर ओढणीवरून पण ओरडता!" मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. "कोई बात नहीं सर. नमुना परत करू. ही काच फेकू ना?"

बाहेरचा कण पडलेली काच फेकायची, हा नियम त्यांचाच होता. आजवर अशा काचा त्यांनी स्वतः फेकल्या होत्या.

"नमुना परत कर," ते म्हणाले. "काच राहू दे."

भिंतीजवळच्या कपाटात आजच्या ओळखीच्या फुलांचे कण होते, जुने कण ताडून पाहण्यासाठी ठेवलेले. प्रत्येक काचेवर चिठ्ठी: फूल, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख. मुकुंदरावांनी कोरी चिठ्ठी घेतली. जास्वंद. माधवगंज, ग्वाल्हेर. विमल.

अवंतिकाने खांद्यावरून वाचलं. "आणि तारीख, सर?"

कुठली सकाळ असेल ती? त्यांनी आठवून पाहिलं. गाठ बांधून होईपर्यंत दाराशी उभं राहायचं, तेव्हा लक्ष घड्याळाकडे असायचं.

"लिहीन," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.