आण्णांची डावी बाजू

राहुरीहून कृषीची पदवी घेतली आणि पुढची दोन वर्षं नगरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेपायी घालवून मी हात हलवत बेलापूरला परतलो. मग एका ठिबक सिंचनाच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं आधीच चिकटलेल्या मित्रानं फोनवर बजावलं, "परीक्षेचं नाव काढू नको. पुन्हा फॉर्म भरून पळून जातील म्हणून असल्यांना घेत न्हाईत. वडलांना लकवा झाल्ता, त्यांचं करत हुतो, असं सांग."

मला ते पटलं, याची आजही लाज वाटते. आठवडाभर मी विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत उभा राहून आण्णांना, म्हणजे वडिलांना, अंथरुणाला खिळवत होतो. इंग्रजी कच्चं, म्हणून आधी मराठीत घोकायचो. "त्यांना जेवण भरवणं, अंघोळ घालणं, सगळं मीच करायचो." खरं तर त्या दोन वर्षांत ऊस, कांदा आणि गाया त्यांनी एकट्यानं ओढल्या होत्या. माझा अभ्यास बुडेल म्हणून कांदे काढायलासुद्धा त्यांनी मला बोलावलं नव्हतं.

एका सकाळी खोलीबाहेर आलो, तर आण्णा भिंतीलगत गायांसाठी घास कापत बसलेले. किती वेळ बसले होते कोण जाणे. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. भारा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "कंची बाजू गेल्ती माझी?"

मी भाऱ्याबाहेर पडलेला घास गोळा करू लागलो.

"विचारत्याल ना. अन् मला बी सांगून ठिव. त्यांचा फोन आला तर मी भलतंच बोलायचो."

"आण्णा, मी खरं तेच सांगतो तिथं."

"गप. डावी सांग. उजव्या हातानं सह्या करतो मी."

भारा डोक्यावर घेऊन ते गोठ्याकडे गेले.

एसटीत बसल्यावर मी खरं सांगायचं पक्कं ठरवलं होतं. पण मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी "ही दोन वर्षं काय केलंत?" विचारलं आणि माझ्या तोंडून घोकलेलंच बाहेर पडलं, डाव्या बाजूसकट. साहेबांनी माझे कागद बाजूला ठेवले.

"हल्ली बापाची एवढी सेवा कोण करतं?" म्हणत ते उठले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

मी म्हणालो, "थँक यू, सर."