मुनग्यूला जाग आली
तोंगयोंगच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारणारा प्यो मुनग्यू माझ्या नवऱ्याचा बालमित्र. त्याच्या घरासमोरच माझं पेजेचं दुकान, त्यामुळे त्याचं घोरणं सगळ्या गल्लीसारखं मलाही पाठ होतं. घोरणं एकवेळ परवडलं. मधेच ते थांबायचं, श्वासच अडायचा, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा तो धडपडून हवा ओढायचा. रात्रभर हेच. मग दिवसा तो कुठंही पेंगायचा. न्हाव्याच्या खुर्चीत, जेवताना चमचा हातात धरून. लिलावात उभं राहून ओरडावं लागायचं, म्हणून तेवढा निभावून न्यायचा. लोक म्हणत, पितो. तो दारूच्या थेंबालाही शिवत नसे.

आईच्या मयताला थोरला मुलगा म्हणून तो तिच्या तसबिरीशेजारी बसला होता. माणसं येऊन वाकून नमस्कार करत होती आणि हा भिंतीला टेकून घोरत होता. नंतर भावाच्या घरी कुणीतरी त्याला ते ऐकवलं, तेव्हापासून त्यानं तिथं जाणंच सोडलं.

त्याची मुलगी येरिम बुसानला नोकरी करायची. तीच त्याला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. जबडा मुळातच मागे, झोपेत जीभ मागे पडून घसा बंद होतो, असं निघालं. तोंडावर लावायचा हवेचा मुखवटा मिळाला, पण तो झोपेत ओरबाडून फेकून द्यायचा. शेवटी वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून पुढे सरकवायचं ठरलं.

घरी आला तेव्हा तोंडाचा भोपळा झाला होता. गाल हिरवे-निळे, दात रबरांनी जखडलेले. मी तांदळाची पेज दोनदा गाळून न्यायची आणि त्याची बायको सुनदक ती पिचकारीनं गालाच्या कडेनं आत सोडायची. ओठ बधिर, त्यामुळे अर्धी पेज हनुवटीवरून ओघळायची आणि त्याला पत्ताच नसायचा. सुनदक पुसायची. पुसताना ती त्याच्या डोळ्यांत बघत नसे.

सूज उतरली आणि आधी कधी नव्हती ती हनुवटी दिसायला लागली. आमच्याकडे पोरी सुंदर दिसायला जबडा कापून घेतात, त्यामुळे बंदरावर आयताच विषय झाला. कालवं सोलणारी एक म्हातारी त्याला तोंडावर म्हणाली, "काय रे, या वयात कुणासाठी नटलास?" त्याला हसता येत नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली.

मला मात्र वेगळंच दिसत होतं. तो भर दुपारी जागा असायचा. दुकानाच्या बाकावर बसून, परगावाहून आल्यासारखा गल्ली न्याहाळायचा. रबरं निघाली, शब्द फुटायला लागले, तसा तो बायकोला जुनं जुनं विचारू लागला. येरिम सायकल कुणाकडून शिकली? समोरच्या बेटावर आपण तिला कधी नेलं होतं का? सुनदक उडवून लावायची.

एकदा ती माझ्याकडे लसूण सोलत बसली होती. त्यानं विचारलं, "येरिमच्या भुवईवर तो व्रण कसला गं?"

"जिन्यावरून पडली. सांगितलं होतं तेव्हाच." मग तिनं सुरी खाली ठेवली. "नाही. तुमच्या मांडीवरून पडली. चालायलाही लागली नव्हती नीट. तुम्ही बसल्या बसल्या झोपलात, आणि ती मेजाच्या कडेवर आपटली. रक्ताची धार लागली, पोर किंचाळत होती, तरी तुमचा डोळा उघडला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून? जागे राहिला असतात?" तिचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं मी तुम्हाला आळशी म्हणत आले. आता म्हणतात, आजार होता. असेल. मग माझा राग मी कुठं नेऊन टाकू, तेवढं सांगा."

तो उठून धक्क्याकडे निघून गेला.

सुट्टीला येरिम आली, तेव्हा दुकानात माझ्यासमोरच त्यानं तिची माफी मागितली. शब्द अजून बोबडे पडत होते. ती म्हणाली, "व्रणाचं काही नाही हो, बाबा. शाळेतून येऊन मी काही सांगायला लागले की तुमचे डोळे मिटायचे. मला वाटायचं, माझं बोलणंच कंटाळवाणं आहे. अजूनही चारचौघांत मी गप्प असते."

"आता सांग."

"आता काय सांगू?"

पण ती बसली. कचेरीतल्या साहेबाचं सांगितलं, गळक्या खोलीचं सांगितलं, एका मुलाचं अर्धवट सांगून थांबली. त्यानं तिच्यावरची नजर काढली नाही. पेज गार झाली, तरी मी मधे बोलले नाही.

लिलावाला तो परत गेला, पण ओठाचा बधिरपणा काही गेला नाही. भराभर आकडे पुकारताना जीभ अडखळायची. व्यापाऱ्यांनी सांभाळून घेतलं, पण त्यानं आपण होऊन जागा सोडली. आता तो मासळीच्या वजनाचं काम बघतो. भावाकडेही एकदा जाऊन आला. काय बोलणं झालं, ते त्यानं सांगितलं नाही.

त्याच्या घोरण्यापायी सुनदक वेगळ्या खोलीत झोपायची, ती अजून तिथंच झोपते. राग गेला का, असं मी तिला मध्यंतरी विचारलं.

"कमी झालाय," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी मऊ भात बांधून घेऊन गेली.