वाटेच्या कडेचे दगड

रंगाऱ्याची आई त्याला ‘धाकट्या’ म्हणून हाक मारायची, आणि घरात थोरलं कुणीच नव्हतं. एकुलता एक पोरगा आणि म्हणे धाकटा! धक्क्यावरची माणसं त्यावरून त्याची टर उडवत. तो म्हणे, "आईलाच विचारा." आईला विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्याचं काम चुन्याचं. समोरच्या बेटावरचा जुना तुरुंग बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली होती आणि आता तो बघायला लांबलांबून माणसं येत. हंगाम सुरू व्हायच्या आधी तुरुंगाच्या भिंती, पायऱ्या आणि धक्क्यापासून दरवाजापर्यंतच्या वाटेचे दगड पांढरे करायचं काम त्याच्याकडे असे. चुना आदल्या दिवशी भिजत घालायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. नीळ जास्त झाली की भिंत आजारी दिसते, असं तो म्हणे. त्याच्या हातांच्या भेगांत चुना कायमचा बसला होता. बायको होती तोवर ती तेल चोळून द्यायची. ती गेल्यापासून भेगा तशाच.

वाटेचे दगड ही त्याच्या आयुष्यातली एकच गोष्ट, जिच्याबद्दल कुणी त्याची पाठ थोपटली होती. काही वर्षांपूर्वी बेटाची देखभाल बघणाऱ्या साहेबांनी फर्मान काढलं की वाट शोभिवंत करा, पण खर्च नको. मग त्याने बेटभर हिंडून सुटे दगड गोळा केले आणि वाटेच्या दोन्ही कडांना ओळीने लावले. पहारेकऱ्यांच्या घरांमागच्या झुडपांतही तो गेला. त्याचा बाप तुरुंगात पहारेकरी होता, त्या घरांतच त्याचं लहानपण गेलं होतं. पण "मागे साप आहेत" असं सांगून आईने त्याला घरामागे कधी फिरकू दिलं नव्हतं. म्हणून हातात काठी घेऊन, स्वतःशीच हसत तो शिरला. साप काही दिसला नाही. दगड मात्र चांगले मिळाले, एकदोन तर आयतेच पांढरे. साहेब खूश झाले. पाहुणे त्या दगडांशेजारी बसून फोटो काढू लागले.

या वर्षी आईचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला, परत पाकिटात घातला आणि तिला जरा बाहेर बसायला सांगितलं. घरी येताना वाटेत ती म्हणाली, "मला एकदा बेटावर ने."

तो चकित झाला. बेट सोडल्यापासून तिने त्याचं नावही काढलं नव्हतं. "चल की. उद्याच जाऊ."

"उद्या नको. ती फोटोवाली माणसं नसतील तेव्हा. मला तिथं कुणी नकोय."

"आहे काय तिथं बघण्यासारखं?"

"गेल्यावर सांगेन. तू ने तर खरा."

आठवड्यातून एक दिवस बेट पाहुण्यांना बंद असे. त्या दिवशी फक्त कामगारांची लाँच जाई, पिण्याच्या पाण्याची पिंपं घेऊन. रंगाऱ्याने आईला पिंपांच्या आडोशाला बसवलं, तिच्या गुडघ्यांवर चादर घातली.

"मावशी, तिकीट?" लाँचवाल्याने डोळे मिचकावले.

"मेल्या, सोळा वर्षं राहिले मी तिथं. कैद्यांनीसुद्धा तिकीट काढलं नव्हतं."

"ते जाऊ द्या. या एकुलत्या एकाला धाकटा का म्हणता, तेवढं आज सांगून टाका!"

आई हसली नाही. पाण्याकडे बघत राहिली. लाँचवाला ओशाळला आणि विषय बदलून म्हणाला, "रंगारीबुवा, आटपून घ्या हं. साहेबांचे कुणी खास पाहुणे यायचेत, दुपारच्या आधी."

बेटावर उतरल्यावर ती त्याच्या दंडाला धरून चालू लागली. मोतीबिंदूमुळे तिला सगळं धुरकट दिसे. "हे पांढरं काय रे, दोन्हीकडे?"

"दगड. मी लावलेत."

"छान दिसतात," ती म्हणाली. त्याला बरं वाटलं.

पहारेकऱ्यांची घरं आता उरली नव्हती. भिंती पाडून जमीन सपाट केलेली, वर गवत. घरं होती तिथून पलीकडच्या झुडपांपर्यंत ती दोनदा फिरली, थांबली, धापा टाकत खाली बसली. मग तिने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, जसं कुणी बाजारातून काय आणायचं ते सांगावं.

त्याच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. चालायला लागली होती. एकदा मोठं वादळ झालं, लाँच बंद, औषध नाही, आणि ती तापात गेली. बेटावर कुणाला पुरायचं नाही, असा तुरुंगाचा नियम. मोडला तर नोकरी जायची. वादळ सरेना. शेवटी बापाने तिला घरामागे ठेवलं आणि नंतर साहेबाला सांगितलं की पोर आजोळी धाडली.

"नाव लिहायची सोय नव्हती. तीन दगड ठेवले. तुरुंगाच्या डब्यातला चुना आणून मी ते रंगवायची. एक मोठा, एक फुटका, आणि एक असा, माणसाच्या टाचेसारखा." तिने तळहात वाकवून दाखवला. "ते तीन शोध, धाकट्या. तुझे डोळे चांगले आहेत."

टाचेसारखा दगड रंगाऱ्याला ठाऊक होता. दर वर्षी त्याच्या खोलगट भागात कुंचा नीट पोचत नसे, बोटाने चुना भरावा लागे. वाटेच्या डाव्या कडेला, वळणावर.

"वाऱ्यापावसात गेले असतील, आई."

"दगड कुठं वाऱ्याने जातात?" असं म्हणून ती हातापायांवर झाली आणि गवत चाचपू लागली. खोकला आला की थांबायची, पुन्हा पुढे सरकायची. त्याला ते बघवेना. तो वळणापर्यंत गेला, दगड उपटला आणि आणून तिच्या मांडीवर ठेवला.

तिने तो बोटांनी ओळखला. कुठेकुठे चुन्याचे जाड पापुद्रे होते. त्याचे वरचे, तिचे खालचे. "कुठं होता?"

"वाटेवर. मीच उचलला होता. मला काय माहीत, आई?"

ती त्याला काही लागट बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "दगडाचं राहू दे. उचललास कुठून, ते आठव. खालची माती बसलेली होती का?"

त्याने आठवून पाहिलं. काठी आठवली, सापांवरून आलेलं हसू आठवलं, घमेल्याचं ओझं आठवलं. जागा आठवेना. सगळ्या बेटावर ती सांगू शकणारा तोच एक होता, आणि त्याच्या डोक्यात तिथे नुसती झुडपं होती. आई तोंड वर करून त्याच्याकडे बघत होती. तिकडे समुद्रावर लाँचचा भोंगा झाला.

"इथून," तो म्हणाला आणि उतारावरच्या एका कोपऱ्याकडे बोट केलं. "आठवलं. इथूनच."

ती मग उठली, त्याच्या आधाराने त्या कोपऱ्यात गेली, दगड ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसली. रडली नाही. तिला तेवढा वेळच मिळाला नाही. पाहुणे वर आले होते.

"आजी, इथे काही बघण्यासारखं आहे का?" एका बाईने विचारलं.

"नाही हो. पाय दुखले म्हणून बसले."

"मग जरा बाजूला व्हाल? मागचा बुरूज फोटोत यायला हवा."

रंगारी पुढे होऊन काही बोलणार तोच आईने त्याचा हात दाबला आणि बाजूला झाली.

परतीच्या लाँचवर पिंपं रिकामी होती, एकमेकांवर आपटत होती. किनारा जवळ आल्यावर ती म्हणाली, "तिथं सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी साचायचं. तिथं आम्ही तिला ठेवलं नसतं."

त्याला मान वर करवेना. "मग बसलीस कशाला?"

"तू दाखवलंस म्हणून."

पुढचा हंगाम तिने पाहिला नाही. रंगारी चुन्याची बादली घेऊन बेटावर गेला तेव्हा टाचेसारखा दगड वळणावर, आपल्या जुन्या जागी परत बसलेला होता. वाटेला दात पडल्यासारखी फट दिसत होती म्हणून रखवालदाराने कोपऱ्यातून उचलून लावला होता. "तुमचंच काम बिघडत होतं," तो म्हणाला. रंगाऱ्याने मान डोलावली. मोठे आणि फुटके दगड वाटेवर कितीतरी होते. त्याने कुंचा बुडवला आणि धक्क्याकडच्या पहिल्या दगडापासून सुरुवात केली.