भाव चढला की भाऊजी यायचे

वखारवाल्याचा असेल, पुन्हा कोळशाची भाववाढ सांगायला, म्हणून फोन मी वाजू दिला. शेवटी उचलला, तर चंद्रपूरहून पुतणी रडत होती... दत्तूभाऊजी गेले. माझे धाकटे दीर. त्यांनी जन्मभर खाणीत कोळसा काढला, आणि इथे श्रीगोंद्यात आमची लोहाराची भट्टी कोळशावरच चालली.

लग्न होऊन आले तेव्हा मी अकलेचा कांदा होते. खाण म्हणजे मोठी विहीर, भाऊजी काठावर बसून पाट्या ओढतात, असं मला वाटायचं. एका वर्षी ऊसतोडीच्या तोंडावर कोळसा असा महागला, की घण मारणारा गडी कमी करावा लागला. कोयत्याचे जास्त पैसे मागावेत, तर तोडणीवाल्या बाया म्हणायच्या, "मग जुन्यालाच धार लावून द्या." हे एकटे भाता ओढणार की घण मारणार? हंगाम हुकला तर भट्टीला कुलूपच. तेवढ्यात भाऊजी रजेवर आले. मी भाकरी वाढतावाढताच तोफ डागली, "तुमची चैन हाय बाई! कोळसा महागला, आता वैनीला पाटल्या करा."

भाऊजी हसले. "वैनी, भाव कोळशाचा चढलाय, माझा न्हाई. भाव चढला की सायेब म्हंत्यात, आनखी काढा. मग आमी आनखी खाली जातो. एवढंच."

"म्हंजी पाटल्या न्हाईत?" मी निर्लज्ज!

"न्हाईत. घन कुठं हाय?"

जेवून उठले ते थेट घण उचलूनच. कोयते वेळेवर गेले, भट्टी वाचली. पुढे भाव चढला की भाऊजी रजा टाकून हजर. मग मी लबाड मनात म्हणायचे, चढू दे मेला भाव!

"रजेत जरा पड की, दत्त्या," हे एकदा म्हणाले.

"पडून काय करू, दादा? फकस्त छपराखाली नको. वरीसभर डोक्यावर छप्परच असतंय."

मी त्याच दिवशी ऐरण अंगणात काढायला लावली. हे कुरकुरले, "उन्हात लोखंडाची लाली दिसत न्हाई." म्हटलं, डोळे बारीक करा.

यंदा भाव पुन्हा चढलाय. लेक सांडशीनं लोखंड धरतो, सून घण मारते. ऐरण आत घेऊ म्हणतात, मी घेऊ देत नाही. दुपारी तिच्यावर हात ठेवला की चांगला चटका बसतो... ठेवते तसाच थोडा वेळ.