कापसाच्या खोलीतली चाचणी

११ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. बोरी अरबजवळच्या आमच्या घरी, भाव चढण्याची वाट पाहत छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या खोलीत, मी डोळ्यांवर ओढणी बांधून पाटावर बसले होते. खोली मीच निवडली होती. कापूस आवाज गिळतो, प्रतिध्वनी उरत नाही. प्रयोगशाळेत असे दालन उभारायला मोठा खर्च येतो. आमच्याकडे ते दर हिवाळ्यात आपोआप तयार होते.

लहानपणी गालगुंड झाले आणि उजवा कान कायमचा गेला. तेव्हापासून बाबा माझ्या उजव्या हाताला चालतात. शाळेच्या वाटेवर, बाजारात, यवतमाळच्या बसस्थानकावर. एम.एस्सी. होईपर्यंत त्या बाजूला पाहिले की मला बाबांचा सदराच दिसे. पुण्यात पीएच.डी.साठी निवड झाली तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता आले असते.

"मी नाही म्हणून नाही राह्यलो, माय," ते म्हणाले. "गाडी कोण्या बाजूनं येते, तेवढं तुले समजलं पाहिजे. मंग जा."

अट मोजता येण्याजोगी होती, म्हणून मी ती आनंदाने मान्य केली आणि यवतमाळहून यंत्र आणले. त्याचा उजव्या कानामागचा भाग तिकडचे आवाज टिपतो आणि डाव्या कानातल्या भागाकडे पाठवतो. सुरुवातीला कुकरची शिट्टी, मिक्सर, बाबांचा खोकला, सगळेच डाव्या कानाच्या एका अरुंद दारातून एकदम आत घुसे आणि माझे डोके भणभणे. तरी मी यंत्र काढले नाही. हळूहळू उजवीकडून पुटपुटलेलेही कळू लागले. आता पुण्यात चर्चा ऐकायला सभागृहात हव्या त्या खुर्चीवर बसता येणार होते.

चाचणीची रीत मीच आखली. शेतात पाखरे हाकलायचा पत्र्याचा डबा वहिनीने कधी डावीकडे, कधी उजवीकडे वाजवायचा. बाजू नाणे उडवून ठरवायची. मी बाजू ओळखायची. उत्तर बरोबर आले की दाराशी बसलेल्या बाबांनी वाटीत तुरीचा एक दाणा गुपचूप ठेवायचा. वीसदा यंत्राविना, वीसदा यंत्रासह. बांगड्यांवरून बाजू कळू नये म्हणून वहिनीने मनगटांना रुमाल गुंडाळले.

"ताई, लोकं म्हणतीन, सून कापसात पाखरं हाकलून राह्यली."

"वहिनी, बोललीस की बाजू कळते मले. चूप राह्य."

यंत्राविना पंधरा दाणे पडले; बाबांनी ते मोजून वाटी रिकामी केली. मी खूश झाले. यंत्राने ही संख्या वाढणारच होती.

दुसऱ्या फेरीत डबा वाजे आणि प्रत्येक वेळी तो मला डाव्या कानाच्या आतच वाजल्यासारखा वाटे. तितकाच मोठा, तितकाच जवळ. तेव्हा उशिराने उमगले: आजवर उजवीकडचा आवाज मंद यायचा, आणि त्या मंदपणावरूनच मी बाजू ओळखत होते. यंत्राने तो मंदपणाच पुसून टाकला होता. कानात यंत्र असेल तर चर्चा कळणार होती, रस्ता नाही. नसेल तर रस्ता थोडाफार कळणार होता, चर्चा नाही. उरलेल्या वेळा मी केवळ अंदाजाने डावे-उजवे म्हणत राहिले. चारी बाजूंनी कापूस होता आणि श्वासात त्याची तूस जात होती.

ओढणी सोडली. वहिनी मनगटांवरचे रुमाल सोडण्यात गुंतली होती. बाबांनी वाटी माझ्याकडे सरकवली, पण वर पाहिले नाही.

"अजून एक डाव करून पाह्य," ते म्हणाले. "डबा जरा जोरानं वाजवू."

पळवाट त्यांनीच देऊ केली होती. पण हवे ते उत्तर येईपर्यंत प्रयोग करत राहायचा नसतो, हे सकाळी चहा पिताना मीच त्यांना समजावून सांगितले होते, आणि त्यांनी मान डोलावली होती.

"नाही, बाबा," मी म्हणाले.

वाटी तळहातावर उलटी करून मी दाणे मोजले.

नऊ.