आखाड्यावरचा चहा

माझं शेवटचं पोस्टिंग घराजवळ मिळालं. छत्रपती संभाजीनगरची छावणी. तिथून माझं गाव करमाड गाडीनं पाऊण तासावर. मी नायब सुभेदार होतो. कंपनीचा कुक नायक प्रकाश सोनवणे, सोयगावचा, वय चौतीस.

सकाळी साडेपाचला लंगरमध्ये, म्हणजे कंपनीच्या भटारखान्यात, चहा मिळायचा. प्रकाश आधी पाणी, साखर आणि आलं उकळायचा, मग पत्ती, शेवटी दूध. दूध पडल्यावर तीन उकळ्या. दोन उकळ्यांवर कुणी मग पुढं केला तर तो चहा देत नसे, समोर हवालदार असो की मी. माझ्या लहानपणी घरचं दूध डेअरीला जायचं आणि आम्ही गुळाचा कोरा चहा प्यायचो. पाहुणा आला तरच दुधाचा. रोजचा दुधाचा चहा मला फौजेनं पाजला.

प्रकाश सांगायचा, "माझा आज्जा निजामाच्या राज्यात शहरात आला अन् हाटेलात दुधाचा चहा पिला. वर साय होती म्हणं. घरी येऊन सांगितलं तर कुणाचा इश्वास बसंना."

मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी गोदावरीला पूर आला. ०८१५ वाजता फ्लड रिलीफ कॉलमला, म्हणजे आमच्या पूरमदत तुकडीला, निघायचा हुकूम मिळाला. बिडकीनमार्गे आम्ही धरणाखालच्या एका गावाला १०३० ला पोहोचलो. गावाच्या पलीकडं एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक कुटुंब अडकलं होतं. उंचवटा तेवढा पाण्याबाहेर होता. कॅप्टन साहेबांनी मला बोट दिली. धार जोरात होती, म्हणून बोटीत सहाच्या वर माणसं घ्यायची नाहीत, असा त्यांचा हुकूम होता. मी, बोट चालवणारा शिपाई आणि कोरडं राशन घेऊन प्रकाश, असे तिघं निघालो.

११२० ला आम्ही उंचवट्यावर उतरलो. नामदेवबाबा, त्यांची बायको, सून आणि सुनेचं तान्हं मूल. तीन म्हशी दावणीला बांधलेल्या. त्या रवंथ करत नव्हत्या. गव्हाणीच्या कडेला दोन साप पसरून पडले होते आणि कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. साप माणसांना घाबरत नव्हते, माणसंही सापांना नाही. ते मला बरं वाटलं नाही. पाणी किती चढतंय ते कळावं म्हणून मी पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकली.

"बाबा, चला."

"म्या नाय येत. जनावरं सोडून कुठं जाऊ?"

बाबा आदल्या दिवसापासून उपाशी होते. जबडा थडथड उडत होता. सगळं सरपण भिजलेलं. सुनेनं धार काढली होती, चरवी दुधानं भरलेली होती, पण तापवायला काही नव्हतं.

प्रकाश म्हणाला, "साब, दहा मिनिटं द्या. पोटात गरम गेलं की ऐकतील."

मी घड्याळ बघितलं आणि हो म्हणालो.

त्यानं स्टोव्ह पेटवला. म्हशीचं निरसं दूध, आपली पत्ती, साखर. तिथंही तीन उकळ्या. बाबांनी मग दोन्ही हातांनी धरला. निम्मा प्यायल्यावर त्यांचा जबडा थांबला. सासू-सुनेनं एकाच मगातून चहा घेतला. मी खुंटीकडं बघितलं. ती दिसत नव्हती.

रेडिओ वाजला. "विसर्ग वाढवलाय. चाळीस मिनिटांत पाणी तुमच्यापर्यंत येईल. ताबडतोब निघा. ओव्हर."

"रॉजर. निघतो. आउट."

आम्ही सात होतो, तान्हं धरून. बाबा उठले, पण दावणीपाशी थांबले. "माझ्या म्हशींजवळ कोण ऱ्हाईल?"

प्रकाश म्हणाला, "मी ऱ्हातो बाबा. दावी सोडतो, त्या पवत निघतील. तुम्ही व्हा पुढं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "साब, एक फेरी मारून या. वीस मिनिटांचं काम."

रेडिओ माझ्याकडं होता, बोटीचा ताबा माझ्याकडं होता. तरी मला थांबून त्याला पाठवता आलं असतं. ते मला तिथं सुचलं होतं. मी बोललो नाही.

"ठीक आहे. थांब," मी म्हणालो.

११४८ ला आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत एक उन्मळलेलं बाभळीचं झाड आडवं आलं. ते चुकवण्यात बोट बरीच खाली वाहत गेली. १२१५ ला माणसं उतरवून आम्ही लगेच वळलो. तेव्हा नदीचा आवाज बदलला होता. आधी खळखळ होती, आता एकच खोल घुमणं, पोटात जाणवणारं. समोर उंचवटा नव्हता. उंचवट्यावरच्या कडुलिंबाचा शेंडा तेवढा पाण्यावर होता. आम्ही त्याभोवती तीन चकरा मारल्या. मी त्याला हाका मारत होतो. चौथ्या चकरेला इंजिन बंद पडलं आणि आम्हाला परत ओढून आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ०९४० ला प्रकाश सापडला, चार किलोमीटर खाली. लाइफ जॅकेट अंगात होतं. डोक्याला मार होता. तिन्ही म्हशी आदल्या संध्याकाळीच काठाला लागल्या होत्या. त्यांच्या गळ्यातली दावी सोडलेली होती, कापलेली नव्हती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, दहा मिनिटं कशासाठी दिली? मी सांगितलं, चहासाठी. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

रिटायर झाल्यावर मी सोयगावला गेलो. प्रकाशची बायको सुनंदा ओट्यावर तूर निवडत होती. मी नाव सांगितलं.

तिनं विचारलं, "भाऊ, त्यांना थांब म्हणून कुणी सांगितलं?"

"तो म्हणाला थांबतो. मी हो म्हणालो. मला थांबता आलं असतं."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे चौकशीच्या कागदात नव्हतं."

"नाही. मी सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलं नं." ती उठली. "बसा. नामदेवबाबा पण येतील घडीभरात. ते दर महिन्याला येतात, पण त्यांना एवढंच ठावं हाय, की आमचे हे म्हशींसाठी थांबले. बाकीचं त्यायला तुमीच सांगा."

मी बसलो. बाबा आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, नायक प्रकाश सोनवणे हे पूर्ण नाव घेऊन.